कॅमेऱ्यामागचा आवाज कापू नका: घरच्या कॅमकॉर्डर टेपांचं संकलन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी २००१ ते २००८ या काळात भरलेल्या चौदा मिनीडीव्ही (कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल टेप) कॅसेट घरात आहेत. त्यानंतर घेतलेल्या कॅमकॉर्डरच्या मेमरी कार्डावरच्या एमटीएस फाइली आहेत. या सगळ्यांतून तासाभराची एक फिल्म करायची आहे. पण कार्डावरच्या फाइली संकलनाच्या प्रोग्रॅममधल्या टाइमलाइनवर (क्लिपा क्रमाने मांडायच्या पट्टीवर) घेतल्या की संगणक अडखळतो, आणि काहीही हललं की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. वडील कॅमेऱ्यामागून सारखे बोलत असतात, तेव्हा तो आवाज काढून सगळीकडे संगीत घालावं का, असंही तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आवाज काढू नका. गेली वीस-बावीस वर्षं मी लोकांचं घरगुती चित्रीकरण उतरवून संकलित करतो आहे, आणि लोकांना सगळ्यात जास्त हळहळताना पाहिलं ते याच निर्णयावर. ज्याच्या हातात कॅमेरा असतो तो चित्रात येत नाही. चौदा तासांत तुमचे वडील दिसतील ती काही मिनिटं, दुसऱ्या कुणी कॅमेरा धरला असेल तेवढीच. बाकी सगळीकडे ते फक्त ऐकू येतात. "इकडे बघ", "हळू, पडशील", मधलं गुणगुणणं, झूम करताना रोखलेला श्वास. तो ट्रॅक बंद केलात की त्या टेपांमधून ते पूर्णपणे निघून जातील. म्हणून पुढे केबलपासून एक्सपोर्टपर्यंत (तयार फिल्मची फाइल काढेपर्यंत) जे काही सांगतो आहे, ते हा आवाज जपायचा आहे हे धरूनच.

सुरुवात कॅसेटपासून करा, कारण कार्डावरच्या फाइली थांबतील, पण टेप वाजवणारी यंत्रं थांबणार नाहीत. मिनीडीव्ही १९९५ साली आली. तिच्यावर चित्र आणि आवाज आधीच डिजिटल स्वरूपात नोंदलेले असतात, त्यामुळे फक्त तो डेटा जसाच्या तसा संगणकावर आणायचा असतो. त्यासाठी फायरवायर केबल लागते. सोनीच्या कॅमेऱ्यांवर त्या जागेला 'आय-लिंक' असं नाव असतं, इतर बऱ्याच कॅमेऱ्यांवर 'डीव्ही'. त्याच कॅमेऱ्याला यूएसबीचं तोंडही असतं आणि लोक तिथेच फसतात: बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत त्यातून स्थिर फोटो किंवा वेबकॅमसारखं लहानसं चित्र एवढंच बाहेर येतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची केबल आणि यूएसबीची छोटी कॅप्चर पट्टी हा मार्गही टाळा. त्यात डिजिटल चित्र आधी ॲनालॉग होतं, मग पुन्हा दाबून डिजिटल होतं, आणि टेपवरची तारीख-वेळ वाटेतच गळते.

नव्या संगणकांना फायरवायर नसतं, ही खरी अडचण. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी साधी केबल मिळते, ती या कामाला चालत नाही. दोन्हींची बोलायची पद्धतच वेगळी आहे. मॅकवर थंडरबोल्टचे ॲडॅप्टर एकापुढे एक जोडून काम व्हायचं, पण २०२५ च्या मॅकओएस ताहोमधून ॲपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला. कुणाकडे फायरवायर असलेला जुना लॅपटॉप पडून असेल तर तो काही दिवसांसाठी मागून आणा. डीव्हीचा प्रवाह सेकंदाला साडेतीन-पावणेचार एमबीइतकाच असतो, तो उतरवून घ्यायला जुनं यंत्र पुरतं. संकलन मग नव्या यंत्रावर करा.

केबल जोडताना कॅमेरा आणि शक्यतो संगणकही बंद ठेवा. सहा पिनांच्या तोंडात वीज असते. उलटं टोक जोर लावून घुसवल्याने कॅमेऱ्याचं तोंड कायमचं जळालेलं मी पाहिलं आहे. कॅसेटच्या मागच्या कडेला एक बारीक सरकपट्टी असते, ती 'सेव्ह'कडे सरकवा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. वर्षानुवर्षं न हललेली टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. चित्रात चौकोन फुटायला लागले तर बहुधा हेड (कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग) मळलेलं असतं. कोरडी क्लीनिंग कॅसेट पाच-दहा सेकंद फिरवा आणि थांबा. ती कॅसेट हेड घासूनच साफ करते, म्हणून सारखी वापरू नये. साठ मिनिटांची टेप नव्वद मिनिटं चालवण्यासाठी 'एलपी'वर भरलेली असेल, तर शक्यतो ज्या कॅमेऱ्याने भरली त्याच कॅमेऱ्यात लावा. दुसऱ्या यंत्राला तिचे अरुंद माग नीट सापडत नाहीत.

उतरवण्यासाठी विंडोजवर विनडीव्ही हा जुना आणि अगदी छोटा प्रोग्रॅम अजून उत्तम आहे, लिनक्सवर डीव्हीग्रॅब. एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे चौदा टेपांना १८० जीबीच्या आसपास. आज ही जागा काहीच नाही, त्यामुळे फाइल दाबून लहान करायच्या मोहात पडू नका. सुरुवातीच्या काळात हार्ड डिस्क लहान असायच्या, तेव्हा मी टेप उतरवायचो, संगीत घालून डीव्हीडी करायचो आणि मूळ फाइली पुसून टाकायचो. काही वर्षांनी एका कुटुंबाने आजींचा आवाज मागितला, एखादं मिनिट मिळालं तरी चालेल म्हणाले. डीव्हीडीवर माझं संगीत होतं, आणि टेप तोपर्यंत वाजेनाशी झाली होती. त्या दिवसापासून मी उतरवलेली मूळ फाइल पुसलेली नाही.

मूळ फाइल ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. डीव्ही कॅमेरा चित्राच्या प्रत्येक फ्रेमबरोबर चित्रीकरणाची तारीख-वेळ न दिसेल अशी लिहून ठेवतो. विनडीव्ही किंवा डीव्हीग्रॅब त्यावरूनच प्रत्येक वेळी चालू-बंद केलेल्या शॉटची वेगळी फाइल करू शकतात. एमपी४ केलीत की ही माहिती जाते. म्हणून उतरवल्याबरोबर फाइलींना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नावं द्या, म्हणजे फोल्डर आपोआप काळाच्या ओघात लागतं.

एक बारीक गोष्ट आवाजाबद्दल. मिनीडीव्हीवर आवाज दोन तऱ्हांनी भरता येतो: १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनल, किंवा १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ, चार चॅनल. दुसऱ्या प्रकारात मागाहून निवेदन भरायला एक जादा जोडी मोकळी असते. वडिलांनी नंतर कधी त्यावर बोलून ठेवलं असेल, तर बरेच प्रोग्रॅम फक्त पहिली जोडी घेतात आणि दुसरी टेपवरच राहते. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये 'ऑडिओ मिक्स' दुसऱ्या बाजूला सरकवून प्रत्येक टेप थोडी ऐकून बघा.

आता कार्ड. तुमच्या फाइली एव्हीसीएचडी या प्रकारच्या आहेत. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये हा प्रकार आणला. कार्डावरच्या आतल्या फोल्डरमधून एमटीएस फाइली तेवढ्या उचलू नका, कार्ड आहे तसं पूर्ण कॉपी करा. लांब शॉट असला की कॅमेरा तो २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत मोडतो, आणि कोणता तुकडा कोणाला जोडायचा याची नोंद शेजारच्या फोल्डरमध्ये असते. तुकडे सुटे घेऊन टाइमलाइनवर एकापुढे एक ठेवले तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो, आणि नेमका एखादा शब्द तिथे असतो. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या प्रोग्रॅमने किंवा टीएसमक्सरने ते आधी जोडून घ्या.

संगणक अडखळतो त्यात तुमच्या यंत्राचा दोष थोडाच आहे. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून जुना संगणकही ती सहज दाखवतो. एव्हीसीएचडीमध्ये अर्ध्या-एक सेकंदात एखादीच फ्रेम पूर्ण असते, बाकीच्या फ्रेमांत फक्त आधीच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढं लिहिलेलं असतं. तुम्ही मध्येच कुठेतरी बोट ठेवलं की संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून हिशेब करत यावं लागतं. उपाय प्रॉक्सीचा. शॉटकट, केडेनलाइव्ह, डाविंची रिझॉल्व्ह या तिन्हींत ती सोय आहे: प्रोग्रॅम प्रत्येक क्लिपची हलकी प्रत बनवतो, तुम्ही कापाकापी त्या प्रतीवर करता, आणि एक्सपोर्ट मात्र मूळ फाइलीवरून होतो. प्रॉक्सी रात्रभर बनू द्या. पहिल्यांदाच संकलन करत असाल तर शॉटकट घ्या. मोफत आहे, आणि डीव्ही, एमटीएस दोन्ही जशाच्या तशा उघडतो.

कंगव्याच्या रेघा हा बिघाड नव्हे. त्या काळचे कॅमेरे एक फ्रेम दोन हप्त्यांत टिपायचे: एकदा सम ओळी, मग विषम ओळी. भारतातल्या पाल या टीव्ही पद्धतीत दोन्हींत एक पन्नासांश सेकंदाचं अंतर, अमेरिका-जपानच्या एनटीएससीमध्ये साधारण एक साठांश. तेवढ्या वेळात धावणारं मूल थोडं पुढे गेलेलं असतं. जुने टीव्ही हे अर्धे-अर्धे भाग एकामागून एक दाखवायचे म्हणून ते कळायचं नाही. संगणक दोन्ही एकदम दाखवतो आणि दात दिसतात. मूळ फाइलींवर यासाठी काहीही करू नका, डिइंटरलेस, म्हणजे या रेघा घालवण्याचं काम, फक्त शेवटच्या एक्सपोर्टमध्ये करा. तिथेही सेकंदाला २५ फ्रेम निवडल्या तर निम्मी हालचाल फेकली जाते, ५० ठेवा (एनटीएससी असेल तर ५९.९४), म्हणजे टेपवर होती तशी सलग हालचाल राहील. डिइंटरलेसच्या पद्धतींच्या यादीत 'ब्वदिफ' (BWDIF) किंवा 'यादिफ' (YADIF) दिसेल, त्यातली पहिली घ्या. एक सापळा आहे: डीव्हीमध्ये खालचं फील्ड (दोन हप्त्यांतला खालच्या ओळींचा भाग) आधी असतं, एव्हीसीएचडीमध्ये वरचं. प्रोग्रॅमने क्रम चुकीचा ओळखला तर माणसं एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे अशी थरथरत चालतात. असं दिसलं की त्या क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन क्रम उलटा करा. आणि चित्र मोठं करायचं असेल तर डिइंटरलेस झाल्यावरच. आधी मोठं केलंत तर ते दात चित्रात मुरतात आणि मग निघत नाहीत.

डीव्हीचं चित्र चौकोनी असो की रुंद, फाइलमध्ये ते ७२० बाय ५७६ असंच नोंदलेलं असतं (एनटीएससीत ७२० बाय ४८०). चेहरे उभट दिसले तर ती क्लिप १६:९ आहे असं प्रोग्रॅमला सांगा, पसरट दिसले तर ४:३. जुनं ४:३ चित्र पडदा भरण्यासाठी ताणू नका. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

इथपर्यंत यंत्रांचं झालं. आता संकलन.

कापायच्या आधी प्रत्येक टेप हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐका. पडद्याकडे न बघता ऐकलीत तर आणखी चांगलं. हातात वही ठेवा आणि टेपचा क्रमांक, मिनिट, कोण बोलतं, काय बोलतं एवढंच टिपा. चित्र बघत बसलं की आपण सुंदर शॉट निवडतो; ऐकलं की माणसं निवडतो. दुसऱ्या फेरीत घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि "हे कोण?" विचारत नावं लिहून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

ऐकताना तुम्हाला असे तुकडे सापडतील की ज्यांत कॅमेरा बंद करायचा राहून गेला आहे. चित्रात नुसते बूट, जमीन, नाहीतर लेन्सच्या झाकणाचा काळोख. बहुतेक जण हे सगळ्यात आधी कापतात. मी ते सगळ्यात आधी ऐकतो, कारण कॅमेरा चालू आहे हे विसरलेली माणसं तेव्हा खरी बोलत असतात. एकदा अशाच चार मिनिटांच्या काळोखात नवरा-बायको घरी परतताना मुलीच्या शाळेबद्दल बोलत होते. तिच्यासाठी मी तो आवाज तसाच ठेवला आणि वर त्याच दिवशीचे, गाडीच्या खिडकीतून घेतलेले शॉट पसरले. टाइमलाइनवर हे अगदी सोपं आहे: आवाज चित्रापासून सुटा करा, तो खालच्या ट्रॅकवर राहू द्या, वर दुसरं चित्र ठेवा. चित्र बदललं तर कुणाला खटकत नाही. आवाज अर्ध्यात तुटला तर सगळ्यांना खटकतं.

म्हणून कापण्याची जागाही कानानेच ठरवा. वाक्य पूर्ण होऊ द्या, त्यानंतरचा श्वास किंवा हसू संपू द्या, मग कापा. पुढच्या दृश्याचा आवाज अर्धा-पाऊण सेकंद आधी सुरू केलात तर सांधा जाणवत नाही. प्रत्येक कापावर आवाजाला दोन-तीन फ्रेमांचा फेड (हळूहळू चढ-उतार) द्या, नाहीतर बारीक 'टक्' येतो. चित्रात मात्र साधा कापच ठेवा. पान उलटणं, चित्र गरगर फिरत येणं असले इफेक्ट प्रोग्रॅममध्ये शेकड्याने असतात, ते माणसांवरून लक्ष उडवतात. मोठा काळ उलटला एवढं सांगायचं असेल तिथे डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) चालतो. लांबलचक झूम आणि डावी-उजवीकडे फिरणारा कॅमेरा निर्धास्त छाटा, पण त्याखाली कुणी बोलत नाही ना, हे आधी ऐका.

वडिलांचा आवाज इतरांपेक्षा खूप मोठा येतो, हे खरं आहे. माइक त्यांच्या तोंडाशी होता. तो पुसण्याऐवजी समतोल करा. त्यांची वाक्यं पाच-सहा डेसिबल खाली आणा, समोरच्यांची तेवढीच वर. कॅमेऱ्यातलं स्वयंचलित आवाज-नियंत्रण शांततेत खरखर वर खेचतं आणि कुणी ओरडलं की सगळंच दाबतं, त्यामुळे एकच मापाची सेटिंग पूर्ण टेपला लावता येत नाही. वाक्य-वाक्य करत जावं लागतं. वेळ जातो, पण या कामात वेळ इथेच घालवावा. टेपच्या मोटरची घरघर काढायला ऑडॅसिटी पुरेसं आहे: जिथे कुणीच बोलत नाही असा सेकंदभराचा भाग नमुना म्हणून द्या आणि सहा ते दहा डेसिबलच उतरवा. त्याहून जास्त उतरवलंत की माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात. वाऱ्याचा घों-घों आवाज १०० हर्ट्झच्या खालचं कापलं की बराच कमी होतो. संगीत हवंच असेल तर जिथे खरंच कुणी बोलत नाही तिथे घाला, आणि बोलणं सुरू व्हायच्या आधी ते विरू द्या.

रंग थोडे सुधारा, बस. स्टॅबिलायझेशन (हलतं चित्र स्थिर करणं) चित्राच्या कडा खातं, आणि डीव्हीमध्ये मुळात खायला फार काही नसतं. सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेने जुनं चित्र धारदार करणारे प्रोग्रॅम निघाले आहेत. ते चेहऱ्यावर नसलेले तपशील कल्पनेने भरतात. दूरवर उभी असलेली आजी त्यात दुसरीच कुणी बाई दिसायला लागते. घरच्यांच्या चेहऱ्यांवर मी ते वापरत नाही.

तासाभराची एकच फिल्म करू नका असं माझं मत आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या टेपांवरून सांगतो, एका तासाच्या टेपमधून सहा-आठ मिनिटं टिकतात. वर्षागणिक एक अशा छोट्या फिल्मा करा. त्या लोक पुन्हा-पुन्हा लावतात, आणि डीव्ही व एचडी एकाच टाइमलाइनवर कोंबायची अडचणही उरत नाही.

एक्सपोर्ट एमपी४, एच.२६४, दर्जा 'सीआरएफ १८' च्या आसपास (हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला), आवाज एएसी २५६ केबीपीएस. डीव्हीसाठी चौकोनी चित्र १४४० बाय १०८० वर मोठं केलं तर टीव्हीवर नीट दिसतं. मूळ उतरवलेल्या फाइली, प्रोजेक्ट आणि तयार फिल्मा असं तिन्ही दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरी. कॅसेट फेकू नका. पूर्ण गुंडाळून, डबीत उभ्या, कोरड्या जागी ठेवा. आणि ठेवण्याआधी प्रत्येक डबीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून त्या-त्या टेपच्या फोल्डरमध्ये टाका. कॅमेऱ्याची घड्याळाची बॅटरी संपली की तारीख पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. अशा टेपची खरी तारीख मग वडिलांनी हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरच मिळते.